घड्याळ लावून केलेली सेवा

खरी प्रीती वेळ मोजीत नाही, असे आपण उपदेशात ऐकतो आणि शब्बाथ शाळेत मुलांना सांगतो. आजाऱ्याच्या भेटीस गेलेले वडील दोन तास बसून आले तर मंडळीत त्यांचे कौतुक होते. अर्ध्या तासात उठले तर 'त्यांना घाई होती' असे म्हणतात. अशा आपल्या मनाला पुढील गोष्ट सहज पटणार नाही. मनाने खचलेल्या माणसाला आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास द्यायचा, अशा सहा-आठ भेटी घ्यायच्या आणि मग थांबायचे. हे काम डॉक्टराने नव्हे, तर थोडेसेच शिक्षण घेतलेल्या साध्या माणसाने करायचे, आणि रोगी किती सावरला ते आकड्यांनी मोजायचे. अशी रीत आज निरनिराळ्या देशांतील दवाखान्यांतून वापरात आहे व तिचा गुणही दिसून आला आहे. तिला ख्रिस्ती अर्थाने सेवा म्हणावे, की ही नुसती व्यवस्था आहे?

इंग्लंडात २००६ साली डॉन्कास्टर आणि न्यूहॅम या दोन ठिकाणी प्रयोग झाले, आणि २००८ पासून तेथील सरकारी आरोग्यसेवेत अशा कार्यकर्त्यांची एक स्वतंत्र पायरीच तयार झाली. ते डॉक्टर नसतात. सुमारे वर्षभर शिकून सौम्य किंवा मध्यम स्वरूपाची उदासीनता व चिंता असणाऱ्यांना ते, पुष्कळदा टेलिफोनवरूनच, स्वतःला सावरण्याची रीत शिकवतात. आपल्याला मात्र याहून जवळचे उदाहरण गोव्यात सापडते.

गोव्यातील 'संगाथ' ही संस्था १९९६ साली स्थापन झाली. डॉ. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. २००७ ते २००९ या काळात या संस्थेने 'मानस' नावाचा एक मोठा प्रयोग केला. बारा सरकारी आरोग्य केंद्रे आणि बारा खाजगी डॉक्टरांचे दवाखाने त्यात होते. निम्म्या ठिकाणी एक स्थानिक स्त्री समुपदेशक म्हणून बसवली. तिला वैद्यकाची काही पार्श्वभूमी नव्हती. शिक्षण दोन महिन्यांचे. वर देखरेखीला मानसोपचारतज्ज्ञ होते, गरज पडल्यास औषधेही होती. निदान पक्के झालेल्या रोग्यांचा सहा महिन्यांनंतरचा हिशेब २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाला. सरकारी केंद्रांपैकी जेथे ही बाई होती तेथे शेकडा ६६ च्या सुमारास रोगी बरे झाले होते. जेथे नव्हती तेथे शेकडा ४३ च्या आत. खाजगी दवाखान्यांत मात्र दोन्हीकडचे आकडे जवळजवळ सारखेच आले, ६४ आणि ६६.

हा शेवटचा आकडा मला फार बोलका वाटतो. खाजगी दवाखान्यात येणाऱ्याला डॉक्टर पुष्कळदा नावाने ओळखतो, घरची विचारपूस करतो. सरकारी केंद्रात रांग लांब, डॉक्टरच्या वाट्याला एका रोग्यामागे दोन मिनिटे. ज्याला विचारणारे कोणी होते त्याला नव्या माणसाची उणीव भासली नसावी. ज्याला कोणीच नव्हते त्याच्या बाबतीत फरक पडला.

तो फरक पडतो कसा, हे पाहण्यासारखे आहे. आरोग्य केंद्रात येणारा मनुष्य 'मी उदास आहे' असे म्हणत येत नाही. डोके दुखते, अंग मोडून येते, झोप लागत नाही, जेवण जात नाही, अशी त्याची तक्रार असते. फार तर 'टेन्शन आहे' म्हणतो. समुपदेशिकाही रोगाचे जड नाव घेत नाही, त्याचाच शब्द धरून चालते. मग नऊ प्रश्नांची एक यादी असते. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला काय, झोप कशी होती, आपण कोणाच्या उपयोगाचे नाही असे वाटले काय, अशा तऱ्हेचे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. एकूण २७ पैकी किती झाले यावरून जडपणा ठरतो, आणि पुढील भेटींत तीच यादी पुन्हा विचारतात.

नंतरच्या, म्हणजे २०१३ ते २०१५ मधील प्रयोगात दहा आरोग्य केंद्रांतील बऱ्याच जड उदासीनतेचे रोगी घेतले होते. समुपदेशकाला किमान दहावी पास असणे पुरे होते. तीस ते चाळीस मिनिटांच्या सहा ते आठ भेटी, केंद्रात किंवा रोग्याच्या घरी. भेटीत उपदेश नाही. सकाळी उठून अंगण झाडले काय, शेजारणीकडे जाऊन बसणे बंद का झाले, या आठवड्यात त्यातले एक काम पुन्हा धरता येईल काय, अशी बोलणी होतात. उदास मनुष्य काम सोडतो, आणि काम सोडल्याने आणखी उदास होतो. हा फेरा मनाच्या बाजूने तुटत नसेल तर हातापायांच्या बाजूने तोडायचा, एवढीच त्यातली युक्ती. तीन महिन्यांनी या रीतीने शेकडा ६४ जणांची उदासीनता उतरली होती. नेहमीची दवाखान्याची सेवा मिळालेल्यांत शेकडा ३९ जणांची.

बायबल वाचणाऱ्याला येथे एलीया आठवल्याशिवाय राहणार नाही. पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात हा मोठा संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो आहे. कर्मेल डोंगरावरचा विजय नुकताच झालेला. तेव्हा विश्वासाची उणीव म्हणावी तर तीही नाही. देवदूत त्याला धर्मशास्त्र समजावीत नाही, 'कालच एवढा चमत्कार पाहिलास आणि आज रडतोस?' असेही विचारीत नाही. तो निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवतो, खायला सांगतो व झोपू देतो. मग पुन्हा उठवून खायला घालतो. चालणे त्यानंतरचे, आणि देवाचा प्रश्न त्याच्याही नंतरचा. नवी कामगिरी तर सर्वांत शेवटी. आपण भेटीला जातो तेव्हा पुष्कळदा शेवटून सुरुवात करतो. विश्वास दृढ करा, देवाचे उपकार आठवा, असे सांगून मोकळे होतो; ज्याला चार रात्री झोप नाही त्याच्यावर आणखी एका अपराधाचे ओझे ठेवून येतो. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तोवर त्यांचे काम उत्तम चालले होते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप गंभीर आहे. श्रीमंताला मानसोपचारतज्ज्ञ आणि गरिबाला दहावी पास शेजारीण, हा न्याय कसला? निर्गमच्या अठराव्या अध्यायातील इथ्रो याचे अर्धे उत्तर देतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक मोशेपुढे ताटकळत उभे असतात हे पाहून त्याचा सासरा त्याला दहा-दहांवर, पन्नास-पन्नासांवर माणसे नेमायला सांगतो. लहान कामे त्यांनी करावी, अवघड ते मोशेकडे आणावे. दहांवरचा नायक हा काही खोटा न्यायाधीश नव्हता. तो नसता तर त्या दहांना न्यायच मिळाला नसता. पण उत्तर अर्धेच आहे, कारण इथ्रोच्या योजनेत वरची पायरी पक्की होती. वरच्या आकड्यांतही शेकडा ३६ जण तीन महिन्यांनी सावरलेले नव्हतेच. त्यांना पुढे नेणारा कोणी नसेल, बांबोळीच्या मनोरुग्णालयापर्यंत जायला गाडीभाडे नसेल, तर खालची पायरी ही गरिबाची फसवणूकच ठरेल. स्वस्त सेवेचे कौतुक करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दुसरा आक्षेप आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचाच: भेटी मोजून देणे ही प्रीती कशी? चांगल्या शमरोन्याची गोष्ट शब्बाथ शाळेत आपण इतक्यांदा सांगतो, पण तो दुसऱ्या दिवशी निघून गेला, हे किती वर्गांत सांगितले जाते? त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवले, एक रात्र जवळ राहिला. सकाळी त्याने भटाऱ्याच्या हाती दोन नाणी दिली, अधिक लागेल ते परत येताना भरीन म्हणाला, आणि आपल्या कामाला गेला. जखमी माणसाच्या उशाशी बसून राहण्यासाठी त्याने आपला व्यापार मोडला नाही, म्हणून त्याला कोणी उणा म्हणत नाही. त्याची मदत मोजकी होती, दुसऱ्याच्या हाती सोपवलेली होती, आणि पुन्हा येऊन पाहण्याचे वचन तिच्यात होते.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल दुसऱ्या वचनात आपल्याला एकमेकांच्या ओझ्याखाली खांदा द्यायला सांगतो, आणि तीनच वचनांनंतर ज्याचा भार त्यानेच वाहायचा आहे असे म्हणतो. टीकाकारांनी या दोहोंचा मेळ नाना प्रकारे घातला आहे. दवाखान्यातल्या या कामात तो मेळ रोज घालावा लागतो. ज्या समुपदेशिकेला भेटी संपवता येत नाहीत, तिच्याकडे येणारी बाई हळूहळू तिच्यावाचून अंगण झाडीनाशी होते. असे परावलंबन देणाऱ्याला सुखावते, हे आपण मंडळीच्या कामातही पाहिले आहे. आपल्यावाचून कोणाचे चालत नाही ही भावना मोठी गोड असते. म्हणून शेवटच्या भेटीत काय काय उपयोगी पडले याची उजळणी करतात, आणि हे दुखणे परत आले तर पहिले पाऊल कोणते टाकायचे ते रोग्याच्याच तोंडून वदवून घेतात.

तिसरी गोष्ट आक्षेपाची नव्हे, आपल्या आत्मपरीक्षणाची. आरोग्य केंद्रात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सर्व येतात. तेथे काम करणारी ख्रिस्ती बहीण त्यांच्यासाठी मनात प्रार्थना करील, केलीच पाहिजे. पण खचलेल्या माणसाच्या त्या अवस्थेचा फायदा घेऊन आपला धर्म त्याच्यापुढे ठेवणे मला योग्य वाटत नाही. आजारी मनाला 'नको' म्हणायचे बळ नसते. याउलट आपल्याच मंडळीत कोणी विश्वासाने सांगितलेले दुःख बुधवारच्या प्रार्थनासभेत नावानिशी विनंती म्हणून येते, आणि गुरुवारी ते गावभर झालेले असते. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. पण ज्या तरुण सुनेने भगिनी मंडळातल्या एकीजवळ मन मोकळे केले, ती पुन्हा कोणाजवळ तोंड उघडणार नाही. दवाखान्यात ऐकलेले बाहेर बोलायचे नाही हा तेथील नियम. आपल्याकडे तो परवानगी विचारून पाळायला काय हरकत आहे? नाव घेऊ काय, एवढे विचारावे. नाही म्हटले तर नाव न घेताही देव जाणतो.

या नियमाला एक अपवाद आहे, आणि तो शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी नीट समजून घ्यावा. त्या यादीतला नववा प्रश्न मरणाच्या विचारांविषयी आहे. तो विचारला तर नसलेला विचार डोक्यात शिरेल अशी भीती पुष्कळांना वाटते. ती खरी नाही. उलट, कोणी सरळ आणि शांतपणे विचारले तर बोलायला वाट मिळते. उत्तर 'होय' आले तर गुपित राखण्याचे वचन तेथे थांबते. त्या माणसाला एकटे सोडू नये, घरच्या विश्वासू माणसाला सांगावे, डॉक्टरकडे सोबत जावे. पोलीस केसच्या धाकाने लोक पूर्वी असे प्रसंग लपवीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो २०१८ साली अमलात आला, अशा मनुष्याला अतिताणाखाली असलेला मानून शिक्षेऐवजी उपचार द्यावे असे ठरवले आहे.

आपल्या मंडळ्यांत पूर्वी बायबलबाया घरोघर जात. त्यांचे शिक्षणही थोडेच, पण कोणत्या घरी चूल पेटली नाही हे त्यांना ठाऊक असे. तेव्हा हे काम आपल्याला अगदी परके नाही. गोव्यातील समुपदेशकांकडून घेण्याजोगी नवी गोष्ट वेगळीच आहे. तेथे रोग्याच्या संमतीने भेटीचे ध्वनिमुद्रण करतात, आणि आठवड्यातून एकदा सर्व समुपदेशक एकत्र बसून ते ऐकतात व एकमेकांना गुण देतात. कोठे मध्येच बोललो, कोठे रोगी काही सांगू पाहत होता आणि आपण पुढच्या प्रश्नावर गेलो, हे सहकाऱ्यांकडून ऐकून घेतात. मंडळीत ध्वनिमुद्रण करावे असे मी सुचवीत नाही. त्याने भलताच गोंधळ होईल. पण भेटीला जाणाऱ्या वडिलांनी व बहिणींनी महिन्यातून एकदा पाळकांसह बसून, नावे न घेता, आपण काय बोललो एवढे एकमेकांना सांगायला फार खर्च येणार नाही.

आणि शिक्षकांनी स्वतः समुपदेशक होण्याच्या भरीस पडू नये. वर्गातला एखादा मुलगा महिनाभर गप्प आहे, खेळत नाही, डबा उघडत नाही, हे ध्यानात येणे आणि त्याच्या आईशी एकटीशी बोलणे, एवढे त्यांचे काम. पुढची पायरी ठाऊक असावी म्हणून जवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता आणि भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलिमानस' सेवेचा टेलिफोन क्रमांक १४४१६ हजेरीपुस्तकाच्या आतल्या पानावर लिहून ठेवावा. तो विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालू असतो, आणि तेथे देशातील अनेक भाषांतून बोलता येते.