उतराई

दुर्धर आजारातून उठलेल्या माणसाचा ‘पुनर्जन्म झाला’ असे म्हणण्याची मराठीत रीत आहे. पहिल्या जन्माचे ऋण माणसाला सावकाश उमगते. हा दुसरा जन्म मात्र जाणत्या वयातच पदरात पडतो आणि तो कोणी दिला, हा प्रश्न त्याच्यासोबतच येतो. त्याचे जुने उत्तर नवसात आहे. नवस फेडायचा असतो, आणि कर्जही फेडायचेच असते. नारळ वाहिला, ओटी भरली, की देणे संपले. यात नुसता सौदा पाहणारी टीका फार स्वस्त आहे. रात्रभर उशाशी बसलेल्या आईजवळ त्या घटकेला देवाला देण्याजोगे दुसरे असते काय? तरीही, फेडून संपणाऱ्या देण्याला कृतज्ञता म्हणावे का, ही शंका उरतेच.

बंगळूरचे मल्लेश्वरम या शंकेचा विचार करण्यास योग्य ठिकाण आहे. १८९८ मध्ये त्या शहरात प्लेग शिरला. जुन्या पेठांतील दाट वस्ती सोडून माणसे मोकळ्या जागेकडे वळली आणि मल्लेश्वरम, बसवनगुडी हे भाग वाढले. आभार मानायला देव तेथे आधीपासूनच होता. काडु मल्लेश्वर, म्हणजे रानातला मल्लेश्वर. त्याला शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजी यांनी दिलेल्या दानाची नोंद १६६९ च्या शिलालेखात आहे. शहरात अन्यत्र प्लेगच्याच नावाने ओळखली जाणारी मारम्माही पूजिली गेली. ही आपल्या मरीआईची बहीणच. रोग आणणारी तीच आणि तो मागे नेणारीही तीच. तिच्यापुढे जोडलेल्या हातांत भय किती आणि आभार किती, हे जोडणाऱ्यालाही सांगता येणार नाही. पण या श्रद्धेत एक प्रामाणिकपणा आहे: दुखणे एकाच्या माथी मारून बरे होण्याचे श्रेय दुसऱ्याला देण्याची सोय ती ठेवत नाही.

अशी सोय सुशिक्षित भक्तीत पुष्कळदा असते. ‘देवाने वाचवले’ असे बरा झालेला सहज म्हणतो. त्याच रोगाने, त्याच आठवड्यात शेजारचा गेला, त्याला कोणी वाचवले नाही? हा प्रश्न ज्या श्रद्धेला सोसत नाही, ती स्वतःच्या नशिबावर खूश होण्यापलीकडे फारशी जात नाही.

शिवाय, आभाराचे हात वर वळले की आजूबाजूची माणसे दिसेनाशी होतात. मल्लेश्वरमच्या आखणीत घरांच्या मागून अरुंद बोळ ठेवलेले होते. मैला वाहून नेणारे सफाई कामगार त्या बोळांतून येत-जात. वस्तीचे आरोग्य त्यांच्या श्रमांवर उभे होते आणि त्यांची वाट मात्र परसामागची. मंदिराला दान मिळाले, शिलालेख मिळाला. त्या बोळांत कोणाचे नाव कोरलेले नाही.

हाच प्लेग बंगळूरच्या आधी पुण्यात पोहोचला होता. तेथे सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत रुग्णांची शुश्रूषा करीत होते. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे सांगतात. मुलगा बरा झाला. सावित्रीबाईंना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या मुलाच्या घरच्यांनी पुढे कोणत्या देवाला नारळ वाहिला असेल, नसेलही. ज्यांच्या पाठीवरून तो आला, त्या मात्र त्याचे आभार ऐकायला उरल्या नव्हत्या.