अंडी थांबल्यावर



आपल्या धर्मग्रामात अजूनही बऱ्याच घरांमागे खुराडे दिसते. पूर्वी त्यात फक्त गावठी कोंबड्या असत. आता काहींनी ‘वनराजा’ आणली आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने खास परसासाठी तयार केलेली ही काटक जात. कणी, कोंडा, किडे, स्वयंपाकघरातले उरलेसुरले टिपून ती वाढते. पिल्लांना सुरुवातीचे काही आठवडे ऊब आणि रानीखेतची लस मिळाली, की पुढे फार निगा लागत नाही. गावठी कोंबडी वर्षाला साधारण पन्नास-साठ अंडी देते, तर वनराजा शंभराच्या आसपास.

या फरकामागचे एक कारण विचार करण्यासारखे आहे. गावठी कोंबडी काही अंडी घातली की खुडूक होते. अंडी घालणे थांबवून ती एकवीस दिवस उबवायला बसते आणि नंतर पिल्ले घेऊन हिंडते. वनराजा सहसा खुडूक होत नाही. तिची अंडी घरी उबवायची तर ती गावठीखाली ठेवावी लागतात. जास्त अंड्यांसाठी पैदास करताना माणसाने तिच्यातले आईपण कमी केले. प्रभू येशूने यरुशलेमसाठी शोक करताना मात्र पिल्लांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीचीच उपमा दिली (मत्तय २३:३७). आपल्या हिशेबात तिचे ते दिवस बिनअंड्यांचे, म्हणजे वाया गेलेले!

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. दोन-तीन वर्षांनी अंडी कमी होतात. कोंबडी मात्र त्यानंतरही काही वर्षे जगू शकते. अशा कोंबडीचे आपण काही देणे लागतो का?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. कोंबडी कापून खाणे पाप नाही. अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग करणे योग्य आहे, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (१९९२) सांगतो. विनाकारण त्यांना यातना देणे किंवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असेही तोच ग्रंथ सांगतो. तेव्हा रविवारच्या रश्श्याबद्दल कुणी मनाला लावून घेऊ नये. पण पाय बांधून, उलटी टांगून, भर उन्हात पाण्याविना तिला बाजारात न्यायची गरज कुठे असते? ज्या हाताने तीन वर्षे अंडी उचलली, त्या हाताने शेवटही कमीत कमी त्रासाचा करावा. कुणी तिला म्हातारपणापर्यंत दाणे घातले, तर त्यालाही वेडा म्हणू नये.

यावर कुणी म्हणेल, “फादर, कोंबडीला काय कळते? ऋण माणसांचे असते.” हा आक्षेप हलका नाही. संत थॉमस अक्वायनस यांनीही तेराव्या शतकात सांगितले, की खऱ्या अर्थाने मैत्री प्राण्याशी होऊ शकत नाही, कारण बुद्धीच्या जीवनात तो आपला भागीदार नाही. पण त्याच संतांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे: प्राण्याचे दुःख पाहून ज्याचे मन द्रवते, त्याचे मन माणसाच्या दुःखानेही लवकर द्रवते. मला हे उलट बाजूनेही खरे वाटते. “देते तोवर ठेवायची” हा हिशेब एकदा अंगवळणी पडला, की तो खुराड्याच्या दारापाशी थांबेलच असे नाही. तो ओटीवरच्या खाटेपर्यंत पोहोचू शकतो. आजोबांची पेन्शन येते तोवर त्यांना मान, आजीच्या हातून नातवंडांचे होते तोवर तिची गरज. माणसाची किंमत कोंबडीच्या तराजूत कधीच मोजता येत नाही. म्हणूनच ही सवय भयंकर.

दुसरी गोष्ट सोबतीची. आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला जातो, तेव्हा कोंबड्यांशी बोलणाऱ्या आज्या भेटतात. कुणी त्यांना नावे ठेवलेली असतात. संध्याकाळी त्या परत खुराड्यात शिरल्या की मोजायच्या, एखादी कमी भरली की हाका मारत वाडीभर फिरायचे. तेवढ्याने दिवसाला आकार येतो. माणसाच्या वाट्याची माया प्राण्यावर उधळू नये, असे धर्मशिक्षण ग्रंथ बजावतो. पण त्या आजीने माणसाची माया काढून कोंबडीला दिलेली नाही. मुले दूर, शेजारी कामात. बोलायला जे समोर होते त्याच्याशी ती बोलली. ग्रंथातला तो इशारा तिच्यापेक्षा आपल्याला जास्त लागू आहे.

या आठवड्यात आपल्या आळीत अशी एखादी आजी असेल, तर तिच्याकडे अंडी मागायला जा. पैसे द्याच, पण अंडी घेऊन लगेच निघू नका. कोणती कोंबडी खुडूक बसली आहे, ते विचारा. ती अर्धा तास सांगेल. तेवढा वेळ बसा.

देव आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू