नोंदवहीबाहेरचा सामना

प्रशिक्षकाची कारकीर्द मोजायची झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती सामने जिंकले? अमेरिकी बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन मॅक्लेंडन यांच्या बाबतीत हा प्रश्न अपुरा पडतो. त्यांच्या उमेदीच्या काळात कोणी कोणाशी खेळायचे हे कायदा आणि रिवाज ठरवत होते. ज्याच्याशी गाठच पडू द्यायची नाही, त्याच्यापेक्षा आपण सरस आहोत हे दाखवायचे तरी कुठे?

मॅक्लेंडन 1915 साली कॅन्सस राज्यातल्या हायवाथा गावी जन्मले. कॅन्सस विद्यापीठात ते शिकायला गेले तेव्हा तिथल्या बास्केटबॉल संघात कृष्णवर्णीयाला जागा नव्हती. 1891 साली हा खेळ जन्माला घालणारे जेम्स नायस्मिथ मात्र त्याच विद्यापीठात शिकवत होते आणि त्यांनी या विद्यार्थ्याला जवळ केले. खेळ खुद्द जनकाकडून शिकायला मिळाला, पण विद्यापीठाची जर्सी अंगावर चढली नाही. मन कडवट व्हायला एवढे पुरे होते. मॅक्लेंडन यांनी सगळे लक्ष खेळावर दिले. चेंडू असेल तिथे, पूर्ण मैदानभर खेळायचे, ही गुरूची शिकवण त्यांनी टोकापर्यंत नेली. चेंडू हाती येताच समोरचा संघ सावरायच्या आत धाव घ्यायची आणि चेंडू त्याच्याकडे गेला की त्याला त्याच्याच अर्ध्यात अडवायचे. तो काळ संथ पासांचा आणि उभ्याने केलेल्या फेकींचा होता.

या वेगाची खरी कसोटी 12 मार्च 1944 रोजी लागली. डरहॅममधल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात मॅक्लेंडन प्रशिक्षक होते. त्याच शहरात ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचा गोऱ्यांचा तगडा संघ होता. दोघांनी एकत्र खेळणे वर्णभेदाच्या नियमात बसत नव्हते आणि धोका पोकळ नव्हता: त्याच वर्षी जुलैत डरहॅममध्ये, बसमध्ये मागे बसण्यावरून झालेल्या वादानंतर, बसचालकाने एका कृष्णवर्णीय सैनिकाला गोळी घालून मारले. म्हणून रविवारची सकाळ निवडली. गाव चर्चमध्ये असताना ड्यूकचे खेळाडू आडवाटेने आले. ते व्यायामशाळेत शिरताच दारांना कुलपे लागली. प्रेक्षकांना आत येऊ दिले नाही. कुणकुण लागलेली थोडी मुले खिडक्यांवर चढून बघत होती.

सुरुवातीला दोन्ही बाजू बावरलेल्या होत्या. साधे पास निसटत होते. मग मॅक्लेंडन यांची मुले धावू लागली आणि पाहुण्यांना त्या वेगाचे उत्तर सापडले नाही. निकाल 88–44. पण मला त्यापुढचे महत्त्वाचे वाटते. थोड्या विश्रांतीनंतर खेळाडूंनी आपसात वाटणी केली आणि काळे-गोरे मिसळून दुसरा सामना खेळले. बातमी कळलेल्या एका पत्रकाराने ती न छापण्याचा शब्द दिला होता, तो पाळला. ही हकिकत सर्वांसमोर आली ती 1996 साली.

या विजयाचा कुठे उपयोग नव्हता. करंडक नाही, वर्तमानपत्रात ओळ नाही. तरीही कॉलेजवर आणि मुलांवर संकट ओढवण्याची शक्यता पत्करून मॅक्लेंडन यांनी तो सामना होऊ दिला. आपण कितपत आहोत हे मुलांना स्वतः कळले पाहिजे, हे त्यांना कोणत्याही नोंदीपेक्षा मोलाचे वाटले असणार. प्रशिक्षकाचे काम मी तरी इथेच शोधतो.

पुढे नोंदवहीनेही त्यांची दखल घेतली. नॅशव्हिलच्या टेनेसी ए अँड आय या कॉलेजाला त्यांनी 1957, 1958 आणि 1959 अशी सलग तीन वर्षे एनएआयए या कॉलेज-क्रीडा संघटनेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकून दिली. कॅन्सस सिटीतल्या स्पर्धेचे निमंत्रण आले तेव्हा इतर संघांप्रमाणे आपली मुलेही शहरातल्या हॉटेलातच उतरतील, अशी अट त्यांनी घातली होती. वेगवान आक्रमण आणि ही अट मला वेगळी वाटत नाहीत. दोन्हीत पूर्ण जागेवर हक्क सांगणे आहे. 1966 साली क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाने त्यांना नेमले आणि प्रामुख्याने गोऱ्या विद्यार्थ्यांच्या विद्यापीठाचे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाले. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती.

नायस्मिथ यांच्याच नावाच्या हॉल ऑफ फेममध्ये 1979 साली मॅक्लेंडन यांना घेतले ते खेळाला हातभार लावणारे म्हणून. प्रशिक्षक या नात्याने त्यांची निवड 2016 साली झाली. त्याआधी 1999 मध्येच ते वारले होते. 1979 चा तो निर्णय मला कोता वाटतो. सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे तेव्हाही सर्वांसमोर होती, आणि ती मिळवताना ते दुसरे काही नाही, प्रशिक्षकच होते.