गव्याचं भाडं

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत लाकडासाठी पाइनची रानं राखणाऱ्या कंपन्या तीच जमीन शिकारी क्लबांना भाड्याने देतात. झाड तोडणीला यायला वीस-पंचवीस वर्षं जातात. तोवर हरणामागे फिरण्याचे पैसे येत राहतात. गंमत म्हणजे, तिथल्या कायद्याने जंगली हरीण जमीनमालकाचं नसतंच, ते सगळ्या जनतेचं. मालक भाडं घेतो ते फाटक उघडण्याचं.

कोल्हापुरात असा करार आज होणार नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली आणि १९७५च्या कायद्याने महाराष्ट्रातली बहुतेक खासगी वनं सरकारजमा झाली. पण मूळचा धर्मप्रश्न तिथेच आहे. रानातल्या जिवावर हक्क कुणाचा, आणि त्याच्यापासून मिळणाऱ्या आनंदाचा पैसा कुणी घ्यावा?

दाजीपूरचं जंगल संस्थानकाळी छत्रपतींच्या शिकारीसाठी राखलेलं होतं. १९५८मध्ये ते अभयारण्य झालं. माळावरच्या शिकारीसाठी कोल्हापूर दरबारी चित्ते पाळलेले असत. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीतून माळावर न्यायचा, काळवीट टप्प्यात आलं की टोपी काढून मोकळा सोडायचा. देशी चित्ते मिळेनासे झाले तसे ते आफ्रिकेतून आणले गेले. नव्या राजवाड्याच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं अजून उभी आहेत. त्याच काळात फासेपारध्याने पोटासाठी फासा लावला, तर त्याच्यावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का तयार होता. मारणं तेच, पण एकाचा शौक आणि दुसऱ्याचा गुन्हा. पारध्यांसारख्या जमातींची रोजची हजेरी संस्थानात १९१८ साली बंद केली ती शाहू महाराजांनी, आणि ते स्वतः पट्टीचे शिकारी होते. ही विसंगती झाकण्याचं कारण नाही. हक्काला लागून कर्तव्य येतं हे त्या माणसाला कळत होतं.

आपली परंपरा शिकारीच्या विरोधातच आहे, असं समजणाऱ्यांनी खंडोबाकडे पाहावं. तो घोड्यावर बसून, कुत्रं बरोबर घेऊन शिकारीला निघणारा देव आहे. महाभारतात पांडूला शाप देणाऱ्या किंदम ऋषीचीही हरीण मारायला हरकत नव्हती. जोडी रमलेली असताना बाण सोडला, ही हरकत होती. म्हणजे क्षत्रियाचा हक्क मान्य, मर्यादा मोडली हा दोष.

वनपर्वातला एक प्रसंग याच्याही पुढे जातो. द्वैतवनात पांडवांची शिकार चाललेली असते, आणि एका रात्री हरणं रडत युधिष्ठिराच्या स्वप्नात येतात. आमच्यातली आता बीजापुरतीच उरली आहेत, तुम्ही मुक्काम हलवा, एवढंच त्यांचं मागणं. तो त्यांच्याशी वाद घालत नाही. सोबतच्या माणसांची पोटं भरायची जबाबदारी त्याच्यावर होती, वनवासही नाइलाजाचा होता. सांगायला सबबी भरपूर होत्या. तरी सकाळी उठून तो भावांना घेऊन काम्यकवनाकडे निघतो.

सह्याद्रीतल्या देवरायांची शिस्त याच जातीची. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात त्यांचा अभ्यास मांडला, पण गावांना ती शिस्त आधीपासून ठाऊक होती. कित्येक रायांमध्ये पडलेलं लाकूडसुद्धा घरी न्यायचं नाही. फारच नड आली तर देवाला कौल लावायचा: मूर्तीला फूल किंवा तांदूळ चिकटवून उजवा पडतो की डावा, ते बघत बसायचं. डावा पडला तर कुऱ्हाड खांद्यावरून तशीच परत. अर्थात देवाच्या नावावर असलं म्हणजे व्यवहाराबाहेर गेलं, असंही नाही. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीकडे तीन हजारांहून जास्त देवस्थानं आहेत आणि देवस्थानच्या जमिनी खंडाने कसल्या जातातच. देवराईचं वेगळेपण एवढंच की तिथला मालक स्वतः भोग घेत नाही, म्हणून दुसऱ्याचा भोगही आवरता येतो.

आता बंदूक गेली, कॅमेरा आला. दाजीपूर-राधानगरीच्या वाटेवरची रिसॉर्टं पाहुण्यांना जंगल दाखवतात, आणि जंगलात पाहायचा तो गवा. हा गवा चरतो मात्र शेजारच्या शेतात. रात्री ऊस-भाताच्या कडेला शेकोटी पेटवून, डबे बडवत शेतकरी राखण करतो. सकाळी तुडवलेलं पीक दाखवत पंचनाम्याची वाट बघतो. सरकारी भरपाई आहे, पण तिच्यासाठी खेटे घालावे लागतात. कायद्याने मेलेला गवा सरकारी मालमत्ता असतो. जिवंत गव्याला पोसतो शेतकरी आणि त्याच्या जिवावर खोलीचं भाडं घेतो तिसराच. अमेरिकेतल्या फाटकापेक्षा हा सौदा काही फार निराळा नाही.

पर्यटन वाईट नाही, गोळीपेक्षा ते केव्हाही बरं. पण गवा दाखवून मिळालेल्या पैशातला ठरलेला वाटा राखण करणाऱ्या गावाला मिळाला पाहिजे, आणि जंगलाकाठच्या ग्रामसभांनी तो ठराव करून मागावा. ती भीक ठरणार नाही.