कोरी नोंदवही

आमच्या शाळेच्या कार्यालयात, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, जाड पुठ्ठ्याची एक नोंदवही आहे. माझ्या आधीच्या मुख्याध्यापकांनी तिच्यावर वळणदार अक्षरांत ‘अपघात नोंद’ असे लिहून ठेवले आहे. मी या खुर्चीवर बसलो त्याला अकरा वर्षे झाली. एवढ्या काळात तिची चार पानेही भरलेली नाहीत. तपासणीला अधिकारी आले की मी ती आवर्जून पुढे करीत असे. कोरी पाने म्हणजे शिस्तीचा दाखला, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

सात वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाच्या तळहातावर प्रयोगशाळेत गंधकाम्ल सांडले. त्याने हात जेमतेम नळाखाली धरला, खिशात घातला आणि पुढचे दोन तास वर्गात तसेच बसून काढले. संध्याकाळी त्याची आई त्याला घेऊन माझ्या घरी आली. “अरे, सांगितलं का नाहीस?” मी विचारले. तो खाली बघत म्हणाला, “सर, तुम्ही रागावला असता.” औषधपाण्याचा खर्च मी दिला. नोंदवहीत मात्र त्या दिवसाची नोंद नाही.

हे आठवायचे कारण गेल्या पावसाळ्यातले. माझा साडेतीन वर्षांचा नातू ओट्यावरून पडला आणि त्याचे कोपराचे हाड मोडले. एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, उत्तम झाली. रात्री दुखणे थांबावे म्हणून इंजेक्शन दिले आणि पोर शांत झोपले. आम्ही सारे हुश्श करून बसलो. अस्वस्थ होती ती एकटी माझी मुलगी. “बाबा, हा असा झोपत नाही. हलवलं की निदान कुरकुरतो तरी.” मी तिलाच समजावले, की दमलाय, झोपू दे. तिने माझे ऐकले नाही, हे आमचे भाग्य. तिने सिस्टरना उठवले, डॉक्टर धावत आले. श्वास फार मंदावला होता. दुसरे एक इंजेक्शन दिले गेले आणि दोन-तीन मिनिटांत पोराने असे भोकाड पसरले की सगळा वॉर्ड जागा झाला. रडण्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

घरी सोडताना हातात पडलेल्या कार्डावर शस्त्रक्रियेची हकीकत होती, त्या रात्रीची एक ओळही नव्हती. मी तिथल्या तरुण डॉक्टरांना विचारले. ते सौजन्याने म्हणाले, “आजोबा, मूल ठणठणीत आहे ना? मग कशाला?”

हे ‘मग कशाला’ मला सोडीना. जे नुकसान भरून निघाले ते नुकसानच नव्हते काय?

नंतर एका डॉक्टर स्नेह्यांनी मला समजावून सांगितले ते असे. मोठ्या माणसाची मात्रा बहुधा ठरलेली असते. मुलाची मात्रा प्रत्येक वेळी किलोमागे हिशेब करून काढावी लागते. एकाच वॉर्डात तीन किलोचे तान्हे आणि पंचेचाळीस किलोचा मुलगा शेजारी-शेजारी असतात. दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दसपट. मोठ्या माणसाला दसपट मॉर्फिन द्यायचे तर दहा कुप्या फोडाव्या लागतील, आणि तिसऱ्या-चौथ्या कुपीलाच हात थबकेल. पण दहा किलोच्या मुलाला किलोमागे ०.१ या हिशेबाने १ मिलिग्रॅम द्यायचे असेल, तर दसपट चूक १० मिलिग्रॅमच्या एकाच कुपीत मावते. हाताला काही वेगळे केल्याचे कळतसुद्धा नाही. आणि ज्याला ते टोचले, तो ‘मला कसेसेच होते’ असे सांगू शकत नाही. तो रडतो, नाहीतर झोपतो. दोन्ही गोष्टी आजारी मूल एरवीही करतेच.

मला तर वाटते खरी अडचण इथेच आहे. औषधाची इजा आजाराचे कपडे घालून येते. १९५० च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून क्लोरॅम्फेनिकॉल देत. काही बाळांची पोटे फुगत, अंग राखाडी पडे आणि ती दगावत. संसर्गानेच गेली, असे डॉक्टर समजत. बाळ अशक्त, त्याला दुसरे काय होणार? १९५९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी औषध दिलेली आणि न दिलेली बाळे वेगळी करून मोजली, तेव्हा दिलेल्यांत मृत्यू कितीतरी अधिक निघाले. नवजात बाळाचे यकृत हे औषध निकामी करून बाहेर टाकण्याइतके तयारच झालेले नसते. एकेका खाटेपाशी उभ्या राहिलेल्या सज्जन डॉक्टरला हे कधीच दिसले नसते. ते मोजदादीत दिसले.

पण मोजायचे काय? चूक करणाऱ्याने आपण होऊन लिहून द्यावे, ही जुनी रीत. नवी रीत माग काढणाऱ्याची आहे. जनावर दिसत नसेल तर पाऊलखुणा पाहायच्या. मुलाला मॉर्फिनवरचा उतारा, म्हणजे नॅलॉक्सोन, द्यावा लागला काय? चालू औषध एकाएकी बंद केले काय? मूल अचानक अतिदक्षता विभागात हलवले काय? असा प्रत्येक केसपेपर काढायचा आणि शांतपणे वाचायचा. अमेरिकेतल्या मुलांच्या बारा रुग्णालयांतले ९६० केसपेपर अशा रीतीने वाचून काढले गेले; निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. औषधांमुळे झालेल्या इजा निघाल्या १०७. त्यांतल्या बहुतेक सौम्य आणि तात्पुरत्या होत्या. पण रुग्णालयांच्या स्वतःच्या नोंदींत त्यांपैकी किती होत्या? शेकडा ३.७. म्हणजे शंभरांत चारही नाहीत. हा आकडा वाचला तेव्हा मला माझे लोखंडी कपाट आठवले.

त्याच पाहणीतला आणखी एक आकडा मला अधिक विचारात पाडतो. टाळता आल्या असत्या अशा इजा शेकडा २२ होत्या. उरलेल्यांत कुणाचा दोष नव्हता. योग्य औषध, योग्य मात्रा, तरीही इजा. मग ज्या इजेला अपराधी नाही, ती शोधावी कशाला? आपल्या नीतिविचाराची सवय अशी की आधी हेतू पाहावा, मग कर्ता, आणि शेवटी, जमल्यास, ज्याला लागले तो. डॉक्टरांचा हेतू शुद्ध होता, बहुधा कृतीही बिनचूक होती, प्रकरण संपले. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की नीट योजलेले विषही औषध होते आणि वाईट योजलेले औषधही विष होते. मात्र नीट योजूनही विष झाले तर काय, हा प्रश्न त्यापुढचा.

बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने एक दाखला दिला आहे. ट्रकचालकाच्या हातून, त्याची काहीही चूक नसताना, एक मूल चिरडले जाते. आपण त्याचे सांत्वन करतो, ‘तुझा दोष नाही’ म्हणतो. पण तो फार लवकर सावरला, तर आपल्यालाच ते खटकते. कर्त्याला वाटणारी खंत ही बघ्याच्या हळहळीहून वेगळी असते, आणि अपराधाच्या टोचणीहूनही वेगळी. मला वाटते, नोंद करणे हे त्या खंतीचे काम आहे. दोष नसला तरी जे घडले ते घडले, आणि कुणाला तरी घडले. पुढच्या खाटेवरचे मूल सावरायला त्याचा उपयोग होतो हे खरेच. पण तसा उपयोग नसता तरी त्या रात्रीची ओळ आम्हाला देणे लागत होती.

डॉक्टरांची बाजू मांडली नाही तर अन्याय होईल. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली, ते योग्यच झाले. पण त्यामुळे लिहिलेली प्रत्येक ओळ उद्या कोर्टात आपल्याविरुद्ध उभी राहील, ही धास्ती आली. शिवाय दगड घेऊन येणारा जमाव आहेच. अशा हवेत तो तरुण डॉक्टर काय लिहील? माझ्या विद्यार्थ्याने जे केले तेच. हात खिशात घालील. दोघांच्याही मौनाला कुणीतरी रागावणारा लागतो, आणि एका बाबतीत तो मी होतो. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय यंत्रणा आपल्याकडे २०१० पासून आहे. रुग्णही तिच्याकडे कळवू शकतो. ते मला साठीच्या उंबरठ्यावर कळावे, हेही बोलके आहे.

आणि आई? २००१ साली अमेरिकेत, जॉन्स हॉपकिन्ससारख्या नामांकित रुग्णालयात, जोसी किंग नावाची दीड वर्षाची मुलगी गेली. भाजण्यातून ती बरी होत आली होती. ती पाण्यासाठी तडफडते आहे, असे आई सांगत राहिली. शरीरातले पाणी कमी झालेले आणि त्यात नको असलेले मेथाडोन दिले गेले. रुग्णालयाने जबाबदारी मान्य केली आणि पुढे त्याच आईला बरोबर घेऊन काम केले. आपल्या सीमाभागात मात्र आईचे सांगणेच आधी तीन भाषांतून जाते. सिस्टर कन्नड बोलतात, कागद इंग्रजीत असतो आणि खेड्यातली बाई मराठीत म्हणते, ‘पोर कसंतरीच करतंय.’ ‘कसंतरीच’साठी केसपेपरवर रकाना नसतो.

परवा मी ती नोंदवही काढली आणि सात वर्षांपूर्वीचा अपघात ‘उशिरा नोंद’ असे लिहून भरायला बसलो. क्लार्क म्हणाले, “सर, आता कशाला?” तारीख मला आठवत नव्हती. तो मुलगा आता उद्यमबागेत एका फौंड्रीत असतो. त्याला फोन केला. विषय काढायला मला जरा वेळ लागला. तो लगेच म्हणाला, “दसऱ्याच्या सुट्टीच्या आधीचा शनिवार, सर. तिसरा तास.”