मान आईचा, राबणं इतरांचं

चि. बंडू यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

मे महिन्यातल्या मातृदिनाला मुलांकडून काय करून घ्यावं, असं तू विचारलंस. फोनवर तू एका कानाने ऐकतोस, म्हणून लिहूनच पाठवते. आधी एक बजावते. शाळेने सांगितलेलं ग्रीटिंग कार्ड रात्री दहा वाजता सूनबाईने कापायचं, चिकटवायचं आणि सकाळी मुलांनी ते तिलाच द्यायचं, हा प्रकार घरोघरी चालतो. तुझ्या घरी तो होऊ देऊ नकोस.

हा दिवस अमेरिकेतला. ॲना जार्व्हिस या बाईने १० मे १९०८ रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ प्रार्थना ठेवली आणि आईच्या आवडीची पांढरी कार्नेशनची पाचशे फुलं पाठवली. १९१४ साली अध्यक्ष विल्सन यांनी मे महिन्याचा दुसरा रविवार मातृदिन म्हणून जाहीर केला. पुढे फुलवाले, मिठाईवाले आणि कार्डवाले या दिवसावर असे तुटून पडले की बाईच संतापली. आईला चार ओळी स्वतःच्या हाताने लिहाव्यात, असं तिचं म्हणणं. आपणच सुरू केलेल्या दिवसाच्या या बाजाराशी ती पुढे अनेक वर्षं भांडत राहिली. तू ऑनलाइन गुच्छ मागव, माझी ना नाही. पण त्यात पैसे तुझे गेले. मुलांनी काय केलं?

जपानमधली मुलं काय करतात बघ. आईचं चित्र काढतात आणि खांदे चेपून देण्याची कुपनं बनवून तिच्या हातात ठेवतात. तुझ्याकडे जुन्या वह्यांचे कोरे कागद असतीलच. थोरल्याला लिहू दे: ‘पाय चेपणे, दहा मिनिटं’, ‘वाळलेले कपडे घडी करणे’, ‘दुपारी तासभर भांडण बंद’. धाकटीला लिहिता येत नाही, तिने चित्र काढावं. मात्र कूपन दाखवलं की हातातला खेळ टाकून उठायचं, हा नियम आधी ठरवून घे. नाहीतर तो नुसता कागदच.

मुलांना धिंगाणा हवा असेल तर सर्बियातली रीत शिकव. तिथे नाताळच्या आधीच्या एका रविवारी मुलं आईचे पाय दोरीने बांधतात आणि तिने खाऊ किंवा भेट दिल्याशिवाय सोडत नाहीत. त्याच्या आदल्या रविवारी मोठ्यांनी मुलांना बांधलेलं असतं, त्याचीच ही फेड. तू दोरीऐवजी ओढणी घे आणि सुटकेसाठी आईकडून खाऊ नको, तिच्या लहानपणची एक गोष्ट मागायला सांग. आई कधीकाळी फ्रॉक घालून चिंचा पाडत होती, हे मुलांना खरंच वाटत नाही.

कोरियातली चाल मला सर्वांत पटते. तिथे बाळंतिणीला समुद्री शेवाळाचं सूप देतात आणि पुढे दर वाढदिवशी तेच सूप पितात. म्हणजे वाढदिवस मुलाचा असला, तरी त्या घोटाबरोबर आईचं बाळंतपण आठवायचं. आपल्याकडे बाळंतिणीला आळिवाचे लाडू असतातच. थोरल्याच्या वाढदिवसाला केक आण, पण आदल्या दिवशी त्याच्याकडून लाडू वळून घे. आळीव नारळाच्या पाण्यात भिजत घातले की दोन-तीन तासांत फुगून बुळबुळीत होतात. त्यात बोटं घालायला मुलांना फार मजा येते. मग खोवलेलं खोबरं आणि गूळ घालून मिश्रण घट्ट होईपर्यंत तू परत, आणि कोमट झालं की त्याला वळू दे. पहिला लाडू आईला. तो खाताना आपण कोणत्या गावी, किती वाजता जन्मलो, पाऊस होता का, हे त्याने तिला विचारावं.

आणि आपली पिठोरी विसरू नकोस. श्रावणातल्या अमावस्येला आई खीर-पुरीचं ताट डोक्यावरून मागे धरते, ‘अतिथी कोण?’ विचारते आणि मूल ‘मी’ म्हणत ते घेतं. गोड रीत आहे, पण उपास आईचा आणि पुऱ्या तळणंही आईचंच. यंदा तळणीपाशी तू उभा राहा. पुऱ्या मुलांना लाटू दे, वाकड्यातिकड्या झाल्या तरी चालतील. आणि प्रश्न एकदा मुलांनी विचारावा, ‘मी’ म्हणून ताट आईने घ्यावं.

थोरल्याच्या वर्गात एखादं आई नसलेलं मूल असेल, तर शिक्षकांशी आधी बोल. नेपाळात वैशाख अमावस्येला आई असलेले तिचं मुख पाहायला घरी जातात आणि आई गेलेले काठमांडूजवळच्या मातातीर्थाच्या कुंडावर स्नान-तर्पण करतात. दोघांनाही त्या दिवसात जागा आहे. तशी वर्गातही असावी. कार्ड आजीसाठी, मावशीसाठी, सांभाळणाऱ्या कोणासाठीही करता यावं.

यातलं सगळं एकदम करू नकोस, एखादंच धर. आणि एक लक्षात ठेव: मुलांनी स्वयंपाकघरात जो पसारा घातला असेल, तो आवरायचा तू. सूनबाईने रात्री ओटा पुसला, तर मातृदिन झालाच नाही असं समज.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
आत्या