मांजराला जागा दिल्याशिवाय

सोसायटीच्या बैठकीत आवाज चढायला बागेतली मांजराची घाण पुरेशी असते. तळमजल्यावरच्या घराने मेथीचा वाफा केलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उकरलेला, बी विस्कटलेले आणि मधोमध दुर्गंधी. तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी रोज रात्री खाली येऊन मांजरांना दूधभात घालत असते. खाऊ घालणाऱ्यांना बागवाले क्रूर वाटतात, बागवाल्यांना खाऊ घालणारे बेजबाबदार. वाद मांजर आवडते की नाही यावर येऊन अडतो आणि वाफा होता तसाच राहतो. माझे म्हणणे असे आहे की नुसते हुसकावून बाग कधीच स्वच्छ राहत नाही. वाफ्यातली माती मांजरासाठी बंद करायची आणि त्याच वेळी आवारातच त्याला दुसरी जागा करून द्यायची, ही दोन्ही कामे एकत्र झाली तरच उपाय टिकतो. आणि हे काम एकट्या बागवाल्याच्या गळ्यात घालणे अन्यायाचे आहे.

मांजर वाफ्यातच का जाते, हे आधी पाहायला हवे. आपल्या घरगुती मांजराचे पूर्वज उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशातले रानमांजर. भुसभुशीत, कोरड्या मातीत खड्डा करून विष्ठा पुरायची ही त्याची सवय माणसाच्या सहवासात येण्याच्या आधीपासूनची आहे. मांजर जागा हुंगते, पुढच्या पायाने दोन-चार वेळा माती ओढते, खड्डा मनासारखा झाला तरच बसते, उठल्यावर पुन्हा हुंगून माती लोटते. माती घट्ट किंवा चिकट लागली तर ते दुसरीकडे जाते. पूर्वी वाड्याला परसू होते, चाळीमागे मोकळी जागा होती, गल्लीच्या टोकाला पडीक प्लॉट होता. आता आवारात भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट असते. उघडी माती उरते ती वाफ्यात, कुंडीत आणि कुठे बांधकाम चालू असेल तर वाळूच्या ढिगात. त्यात बागवाला खुरप्याने माती भुसभुशीत करतो, ढेकळे फोडतो, कोकोपीट आणि शेणखत मिसळतो. मांजराला हवी तशी जागा अख्ख्या आवारात तेवढी एकच तयार होते. एकदा तिथे स्वतःचा वास राहिला की ते तिथेच परत येते. यात खोडी नाही आणि सूड तर नाहीच. मातीवर फरशी आपण घातली.

हे न ओळखता केलेले उपाय का फसतात ते त्यामुळे सहज कळते. निळीचे पाणी भरलेल्या बाटल्या दारोदार टांगलेल्या दिसतात. मांजराला निळा रंग दिसतो, पण त्याने निळ्याला घाबरावे असे काहीच कारण नाही. संत्र्याच्या साली, कॉफीचा चोथा, मिरपूड यांचा वास दोन दिवस टिकतो आणि पहिल्या सरीबरोबर वाहून जातो. अल्ट्रासोनिक यंत्रांची जाहिरात मोठी होते. ब्रिटनमध्ये अशा एका यंत्राची पद्धतशीर चाचणी झाली. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत मांजरांच्या फेऱ्या कमी झालेल्या दिसल्या, पण चांगला परिणाम दिसला त्या प्रयोगातही घट साधारण एक तृतीयांशच होती. खरा धोका काळ्या फिनाइलचा आणि डांबरगोळ्यांचा. फिनॉल वर्गातली रसायने पचवून बाहेर टाकण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार कमी असते, आणि मांजर पंजे चाटून स्वच्छ करते. म्हणजे वाफ्याकाठी ओतलेले फिनाइल थेट त्याच्या पोटात जाते. विष घालून प्राणी मारला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या मातीतली कोथिंबीर आपण खाणार त्याच मातीत डांबरगोळ्या पुरणे हा शुद्ध अविचार आहे.

सगळ्यात रुळलेला मराठी उपाय मात्र पोत्याचा. मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, ही समजूत इतकी खोल आहे की सहसा कोणी मांजर मारत नाही. पोत्यात घालून नदीपलीकडे किंवा मंडईमागे सोडून येतात. सोडणाऱ्याला यात दया वाटते. प्रत्यक्षात अनोळखी भागात टाकलेल्या मांजराला तिथली मांजरे हाकलतात, त्याला पाणी आणि आडोसा कुठे आहे ते माहीत नसते, आणि मांजरी व्यालेली असेल तर तिची पिल्ले मागे उपाशी मरतात. भुकेने, तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. शिवाय उपाय म्हणूनही तो निरुपयोगी आहे. टास्मानियाच्या दक्षिण भागात संशोधकांनी वर्षभर जंगलातली मांजरे थोड्याथोड्या संख्येने काढून टाकून पाहिली. संख्या घटण्याऐवजी त्या ठिकाणी दिसणारी मांजरे 75 ते 211 टक्क्यांनी वाढली, बहुधा रिकाम्या झालेल्या हद्दीत बाहेरची शिरली म्हणून. जंगल आणि सोसायटी यांत फरक आहे हे मान्य. पण कचराकुंडीतले अन्न आणि लपायच्या जागा तशाच ठेवून दोन मांजरे उचलली, तर त्यांच्या जागी तिसरे येणार, हा नियम दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

मग वाफा बंद कसा करायचा? मांजराला उकरता येऊ नये, एवढेच साधायचे असते. बी पेरल्यावर वाफ्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आडवी अंथरून वर बोटभर माती टाकली की रोप जाळीतून वर येते आणि पंजा जाळीत अडतो. जाळी नको असेल तर तुराट्या चार-चार बोटांवर उभ्या खोचाव्यात. मांजराला बसायला, वळायला जागाच उरत नाही. मोठ्या कुंड्यांत नारळाच्या करवंट्या उपड्या मांडाव्यात किंवा विटांचे तुकडे, गोटे पसरावेत. पाणी सकाळऐवजी संध्याकाळी घालावे, कारण मांजरे बहुतेक रात्री आणि पहाटे येतात आणि ओली माती टाळतात. रोपे दाटली की प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. खरी जपणूक लागते ती पेरणीनंतरच्या तीन-चार आठवड्यांत.

एवढ्यावर थांबले की मांजर शेजारच्या वाफ्यात जाते, आणि वाद एका घरातून दुसऱ्या घरात सरकतो. म्हणून दुसरी जागा हवी. आवाराच्या शांत कोपऱ्यात, मुलांच्या खेळण्यापासून दूर, तीन-चार फूट लांबरुंद आणि फूटभर खोल वाळूचा चौथरा पुरतो. वर पत्रा असावा, नाहीतर जून ते सप्टेंबर वाळू ओली राहते आणि मांजर तिच्याकडे फिरकत नाही. सुरुवातीला वाफ्यातली थोडी विष्ठा नेऊन तिथे टाकावी, म्हणजे वासाने जागा ओळखू येते. आणि वाळू रोज साफ करावी. हे ‘रोज’ महत्त्वाचे आहे. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडीसदृश बीजे पडू शकतात. गर्भवती स्त्रीला पहिल्यांदाच संसर्ग झाला तर गर्भाला इजा होऊ शकते. पण मांजर ही बीजे बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडे टाकते, आणि बाहेर पडलेली बीजे संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. चोवीस तासांच्या आत उचललेली घाण या दृष्टीने जवळपास निरुपद्रवी असते. वाफ्याच्या ओलसर सावलीत पुरून राहिलेली मात्र वर्षभरही धोकादायक राहू शकते. बागवाल्याची भीती खोटी नाही. हातमोजे घालून माती उकरणे आणि पालेभाजी नीट धुणे त्याला चुकणार नाहीच. पण त्याची भीती ज्या उपायाने खरोखर कमी होते, तो रोजच्या सफाईचा आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की जागा करून दिली तर मांजरे वाढतील. मांजरांची संख्या अन्नावर आणि प्रजननावर ठरते, शौचाच्या जागेवर नाही. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, नऊ आठवड्यांत विते, आणि वर्षातून दोन-तीन वेळा व्यायची शक्यता असते. संख्या रोखायची तर निर्बीजीकरण हाच मार्ग आहे. मुंबई महापालिकेने कुत्र्यांपाठोपाठ मांजरांसाठीही ते हाती घेतले आहे. त्याने बोक्यांचे भिंतींवर, दारांवर मूत्र फवारणेही बहुतेक थांबते, आणि बागेतला बराचसा वास त्याचाच असतो. दुसरा आक्षेप पक्षिप्रेमींचा: मोकळी मांजरे चिमण्या, बुलबुल, सरडे मारतात. तो पूर्णपणे खरा आहे, आणि ज्यांचे मांजर पाळीव आहे त्यांनी ते घरातच ठेवावे, असे मला स्पष्टपणे म्हणायचे आहे. बेवारस मांजरांना मात्र घर नाही. त्यांच्या बाबतीत संख्या घटवणे एवढेच हाती उरते.

तिसरा आक्षेप सर्वांत न्याय्य आहे: ज्यांना मांजरे नकोत त्यांनी हा भार का सोसावा? त्यांनी सोसू नये. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी रहिवासी संघटनांवर सामुदायिक प्राण्यांना खाऊ घालण्याची जागा ठरवण्याची जबाबदारी टाकली, ती जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यांपासून, ये-जा करण्याच्या वाटांपासून दूर असावी असे सांगितले, आणि खाऊ घालणाऱ्याने तिथे कचरा होऊ देऊ नये असेही. विष्ठेबद्दल नियम बोलत नाहीत. पण दूधभात घालणारा हात तिथेच थांबत असेल, तर ती भूतदया अर्धवट आहे. उरलेले काम सध्या बहुतेक ठिकाणी सोसायटीच्या सफाई कामगाराकडे ढकलले जाते, त्याच्या ठरलेल्या कामात ते नसताना, हातमोज्यांशिवाय आणि जादा पैशांशिवाय. ज्यांचे पुण्य त्यांनीच ते काम करावे, किंवा त्याचे रीतसर पैसे आणि साधने द्यावीत.

सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. ‘मांजरांचा बंदोबस्त करावा’ असा ठराव यंदाही तुमच्याकडे आला, तर तो तसाच मंजूर होऊ देऊ नका. वाळूचा कोपरा नेमका कुठे, वाळू रोज कोण उपसणार, आणि पावसाळा संपताच मांजरांना शस्त्रक्रियेसाठी कोण नेणार, हे नावांसकट इतिवृत्तात लिहून घ्या.